गाडी माझी, हुनर मिस्त्रीचं, परवानगी तिसऱ्याची

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांतली कोणतीही कार आहे, त्यांनी पूर्ण वाचा. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी तर नक्कीच वाचा.

२२ जुलै २०२३ चा पाऊस आपल्या जिल्ह्यातलं कोणी विसरलं नसेल. महागाव तालुक्यातल्या आनंदनगरात लोक अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. यवतमाळ शहरातही सखल वस्त्यांत पाणी शिरलं. ज्यांची घरं गेली, शेतं खरडून गेली, त्यांच्यापुढे माझं नुकसान काहीच नाही, हे आधीच सांगतो. माझ्या दारासमोर उभ्या असलेल्या जुन्या डिझेल कारमध्ये वीतभर पाणी गेलं, एवढंच.

पाणी उतरल्यावर मी एक शहाणपणा केला. गाडीला चावी लावली नाही. बॅटरीची तार काढली आणि आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला फोन केला. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आर्णी रोडकडे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज आहे. तीस वर्षांपासून इंजिनं उघडतोय. गाडी टोचन करून त्याच्याकडे नेली.

त्यानं चार दिवस सीट, गालिचे काढून सगळं वाळवलं. ऑइल, फिल्टर बदलले, सगळे फ्यूज तपासले. स्टार्टर फिरला, पण गाडी चालू होईना. मीटरवर चावीचं चिन्ह नुसतं लुकलुकत होतं. त्यानं स्कॅनर लावला. स्कॅनर बाकी सगळ्यांशी बोलला, इंजिनाच्या पेटीशी बोलेना. मग डाव्या बाजूला पायाजवळचं प्लास्टिक काढलं, पेटीचा कप्लर सोडला आणि मला जवळ बोलावलं.

"पाहा भाऊ. हिरवं पडलं आतमधी. पिना खाल्ल्या पाण्यानं. ईसीएम गेली."

मी म्हटलं, "मग बदलून टाका ना भाऊ."

तो हसला. "बदलतो ना. चार बोल्ट, दोन कप्लर. वीस मिनिटाचं काम आहे. पण मी बदलली म्हणून गाडी चालू होत नाही."

माझी ही पोस्ट या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

---

ईसीएम म्हणजे इंजिनचं डोकं. आमच्या लहानपणीच्या जीपला ते नव्हतं. तिथं डिझेलचा पंप होता, तो इंजिनच्या फिरण्यावर चालायचा आणि मिस्त्री पाना-पेचकसनं त्याचं सेटिंग करायचा. आताच्या कॉमन रेल डिझेल गाडीत हजार बारच्या वर दाबानं डिझेल उभं असतं आणि कोणत्या इंजेक्टरनं नेमकं कधी आणि किती वेळ उघडायचं, ते ही पेटी ठरवते. इंजिन किती फिरतंय, किती तापलंय, हवा किती येतेय, तुम्ही पाय किती दाबलाय, हे सगळं सेन्सर तिला सांगतात. ती दर फेरीला हिशेब करते.

हा हिशेब करायला तिच्या आत काही गोष्टी लिहिलेल्या असतात. एक म्हणजे मूळ प्रोग्राम. दुसरं, तुमच्या मॉडेलच्या इंजिनचे आकडे. तिसरं, तुमच्या गाडीचा चेसिस नंबर. चौथं, चोरीपासून बचावाचा गुप्त कोड. तुमच्या चावीत एक बारीक चिप असते. ती चिप, गाडीतली इम्मोबिलायझरची यंत्रणा आणि ही पेटी यांची ओळख पटली नाही तर इंजिनला डिझेल मिळत नाही. आणि पाचवं, बऱ्याच डिझेल गाड्यांत, प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड. कारण कारखान्यातून निघालेले कोणतेही दोन इंजेक्टर केसभर वेगळे असतात. कोणता थोडं जास्त डिझेल सोडतो, कोणता कमी, हे त्या कोडमध्ये असतं.

म्हणजे नवी पेटी बसवली तरी ती कोरी. तिच्यात तुमच्या गाडीचं सगळं लिहावं लागतं. त्यालाच प्रोग्रामिंग म्हणतात. त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन लागतं आणि चावीच्या जुळणीसाठी कंपनीकडून कोड लागतो. लिहिणं चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज पडलं तर नवी पेटीही मरू शकते, म्हणून बाहेरून स्थिर सप्लाय लावून ठेवावा लागतो.

मिस्त्रीला हे सगळं माहीत होतं. त्यानंच मला समजावलं. फक्त त्याच्याकडे लॉगिन नव्हतं.

---

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते.

पहिला रस्ता बाहेरगावच्या एका पोरानं फोनवर दाखवला. "भंगारातली सेम नंबरची पेटी आणा काका. तुमच्या पेटीची चिप काढून डेटा त्यात टाकून देतो. क्लोन. तुमच्या चावीवरच चालू होईल." पैसे नव्या पेटीच्या पाव हिश्शाहून कमी. वर विचारलं, "ईजीआर बंद करून देऊ का? पिकअप वाढतो. आणि मीटरचे किलोमीटर किती ठेवायचे?"

हे शेवटचं त्यानं इतक्या सहज विचारलं, जसं चहात साखर किती.

खरं सांगतो, मोह झाला. किलोमीटरचा नाही, पैशाचा. माझा फक्त थर्ड पार्टी विमा होता. गाडी जुनी म्हणून पूर्ण विमा काढला नव्हता, त्यामुळे एक रुपया परत मिळणार नव्हता. पण विचार केला, जो माणूस किलोमीटर मागे घेऊन देतो, तो उद्या चोरीच्या गाडीलाही नवी ओळख देईल. आणि मी जुनी गाडी घेताना जे किलोमीटर पाहून घेतली, ते तरी खरे होते का?

दुसरा रस्ता अधिकृत वर्कशॉपचा. गाडी पुन्हा टोचन केली. तिथं "तपासणी" चे वेगळे पैसे घेतले आणि तिसऱ्या दिवशी कागदावर लिहून दिलं की ईसीएम खराब. मिस्त्रीनं फुकटात सांगितलं होतं तेच. पेटी, प्रोग्रामिंग, मजुरी, टॅक्स सगळं मिळून अंदाज साठ हजारांच्या पुढे गेला. पेटी यायला तीन आठवडे. प्रोग्रामिंगसाठी माणूस नागपूरहून येणार, तो कधी येईल ते सांगता येत नाही.

मी पैसे भरले. दुसरं काय करणार होतो?

महिन्यानं गाडी हातात आली. चालू झाली, पण उभी असताना थरथरायची. थंडीत माणूस कुडकुडतो तशी. वर्कशॉपनं सांगितलं, "पाण्यात होती ना सर, इंजेक्टर खराब झाले असतील. चारही बदलावे लागतील." त्याचा आकडा ऐकून मी गाडी गुपचूप मिस्त्रीच्या शेडमध्ये नेली.

त्यानं स्कॅनर लावला. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग बॉनेट उघडून फडकं घेतलं, एकेका इंजेक्टरच्या डोक्यावरचा काळा चिकट थर पुसला, मोबाइलचा टॉर्च मारला आणि माझ्या त्या साठ हजारांच्या बिलाच्या पाठीवर बारीक अक्षरात चार ओळी लिहिल्या. इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

"इंजेक्टर चांगले आहेत. नव्या पेटीत यायचे कोडच टाकले नाही कोणी. पेटीले वाटते चारही सारखे आहेत. हा कागद घेऊन जा, म्हणा, हे लिहून द्या."

मी विचारलं, "तुम्हीच लिहा ना भाऊ."

"माह्या स्कॅनरवर वाचता येते या गाडीचं. लिहिता येत नाही."

कागद घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोराला आधी पटेना. शेवटी त्यानं लॅपटॉप लावला, कागदावर पाहून कोड टाकले. दहा मिनिटंही लागली नाहीत. इंजिन शांत झालं.

त्या पोराचा दोष नाही. त्याला सांगितलेली यादी होती, ती त्यानं केली. यादीत एक ओळ सुटली. पण बघा, रोग ओळखणारा माणूस एकीकडे आणि औषध द्यायची परवानगी दुसरीकडे, आणि मधे बिलाच्या पाठीवर चिठ्ठी घेऊन धावणारा मी. गाडी माझी, हुनर मिस्त्रीचं, परवानगी तिसऱ्याची.

---

आता याला सार्वजनिक प्रश्न का म्हणतो, ते सांगतो.

ही तक्रार नवी नाही. २०११ मध्ये एका ग्राहकानं भारतीय स्पर्धा आयोगाकडे अर्ज केला की कार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. सुरुवात तीन कंपन्यांपासून झाली, चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. आदेशात स्पष्ट म्हटलं की सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजला उपलब्ध करा, आणि बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. प्रकरण पुढे अपिलांत आणि कोर्टांत गेलं. पण निकालामागचा विचार साधा होता: गाडी विकल्यावर ग्राहकाला दुरुस्तीसाठी बांधून ठेवता येणार नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं "दुरुस्तीचा हक्क" यावर समिती नेमली. त्यात चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरातली उपकरणं आणि वाहनं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. तिथं कंपन्यांची पुस्तिका, सर्व्हिस सेंटर, वॉरंटीची माहिती एकत्र ठेवायची कल्पना आहे. चांगलंच आहे. पण माझ्या मिस्त्रीला पुस्तिका नको होती. त्याला चार कोड लिहायची परवानगी हवी होती.

आपण कापसाच्या जिल्ह्यातले लोक आहोत, आपल्याला हे लवकर समजायला पाहिजे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बियाणं राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा हक्क दिला आहे. कागदावर हक्क आहे. पण बीटी कापूस संकरित आला. त्याचं बी राखून पेरलं तर पहिल्यासारखं पीक येत नाही. मग दर जूनमध्ये पाकीट घ्यायला आपण दुकानासमोर उभे. कायद्यानं दिलेला हक्क वस्तूच्या घडणीतच निसटून जातो तो असा. गाडीचंही तेच होतंय. पेटी विकत मिळते, बोल्ट खोलायला कोणी अडवत नाही, पण कोडशिवाय ती पेटी म्हणजे पेपरवेट.

---

कंपन्यांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. ते म्हणतात, कोड सगळ्यांना दिले तर चोऱ्या वाढतील आणि लोक प्रदूषणाची यंत्रणा बंद करतील. हे खोटं नाही. "किलोमीटर किती ठेवायचे" विचारणारा पोरगा मी स्वतः ऐकलाय. ईजीआर बंद केलेली गाडी पिकअप घेते आणि मागे चालणाऱ्याच्या छातीत धूर भरते.

पण पेटी बंद ठेवली म्हणजे सगळं चोख राहतं, हेही खरं नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा अमेरिकेत उघड झाला तो याच पेटीतला. चाचणी चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. रस्त्यावर आलं की पुन्हा मोकाट. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात होत्या. भारतातही पुण्याच्या एआरएआयच्या तपासणीनंतर सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कुलूप लावलेल्या पेटीत कंपनीनंच काय लिहून ठेवलं होतं, ते वर्षानुवर्षं कोणाला दिसलं नाही.

आणि गंमत बघा. बंदीचा त्रास कोणाला होतो? किलोमीटर मागे घेणाऱ्याला नाही. त्याच्याकडे चोरीचं सॉफ्टवेअर आहे. त्रास होतो तो तीस वर्षं सरळ धंदा करणाऱ्या मिस्त्रीला.

यावर तोडगा नाही असंही नाही. युरोपात वाहन दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजला देणं कायद्यानं बंधनकारक आहे. चोरीविरोधी कोडसारख्या नाजूक गोष्टींसाठी तिथं मेकॅनिकची पडताळणी करून त्याला मान्यता देतात, मग त्याला लॉगिन मिळतं. कोणत्या गाडीसाठी, कोणी, कधी कोड घेतला, याची नोंद राहते. अमेरिकेतही अशी नोंदणी आहे. म्हणजे कुलूप तोडायची गरज नाही. चावी कोणाकोणाकडे असावी, एवढंच ठरवायचं आहे.

---

ट्रॅक्टरवाल्यांना वाचायला का सांगितलं, तेही सांगतो. जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला प्रदूषणाचे नवे नियम लागले आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा आली. आपल्याकडचे बरेच ट्रॅक्टर त्याखालचे, जुन्या पंपावर चालणारे. म्हणून अजून झळ लागली नाही. पण नियम एक दिवस खालीही येतील. अमेरिकेत शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरच्या याच कुलपासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्यानं शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला, तेव्हा कुठं दार उघडू लागलं.

कार महिनाभर उभी राहिली तर मी एसटीनं फिरलो. पेरणीच्या आठवड्यात उमरखेडच्या किंवा झरीच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर पेटीसाठी उभा राहिला आणि लॅपटॉपवाला नागपूरहून येणार असेल, तर वाफसा थांबणार आहे का?

म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींकडे, पक्ष कोणताही असो, मागण्या साध्या आहेत.

१. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करा आणि त्यात नुसती पुस्तिका नको, प्रोग्रामिंगचा प्रवेश वाजवी शुल्कात द्या.

२. पडताळणी करून स्वतंत्र मेकॅनिकना मान्यता द्या. जिल्ह्याच्या ठिकाणी तरी हे काम झालं पाहिजे.

३. आपल्या सरकारी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना पेटी वाचायला आणि लिहायला शिकवा. जुने मिस्त्री संध्याकाळी येऊन शिकतील असा वर्ग ठेवा.

४. किलोमीटर मागे घेणाऱ्यांवर आणि धुराची यंत्रणा बंद करणाऱ्यांवर कारवाई करा. सरळ माणसाला दार उघडायचं तर मागची खिडकी बंद केलीच पाहिजे.

आणि तोपर्यंत आपण काय करू शकतो? गाडी पाण्यात गेली तर चावी फिरवू नका, बॅटरी सोडा. पेटी बदलायची वेळ आली तर अंदाज लेखी घ्या, त्यात पेटी आणि प्रोग्रामिंग वेगवेगळं लिहून घ्या. जुनी पेटी परत मागा. डिझेल गाडी असेल तर इंजेक्टर कोड टाकले का, हे तोंडानं विचारा. दोन्ही चाव्या सोबत न्या, कारण दुसरीचीही ओळख नव्या पेटीला करून द्यावी लागते. आणि पावसाळ्याआधी विम्याचा कागद काढून एकदा वाचा. मी वाचला नव्हता.

---

परवा मिस्त्रीकडे गेलो होतो. ब्रेक लायनर टाकायचे होते. शेडमध्ये दोन जुन्या जीप आणि एक ऑटो. मी विचारलं, "पोरगा येत नाही का आता?"

"नागपूरले लागला. शोरूममधी. लॅपटॉप चालवते." मग पाना पुसत म्हणाला, "चांगलं झालं. त्याले तरी लिहिता येते."

त्याच्या आवाजात राग नव्हता. अभिमानच होता, आणि खाली कुठंतरी दुसरंही काही होतं. चार इंजेक्टरचे कोड अंधारात टॉर्च मारून वाचणारा माणूस यवतमाळात बसलाय आणि त्याला लिहिता येत नाही, ते कोणी लिहू देत नाही म्हणून.

ते बिल मी जपून ठेवलंय. पुढच्या बाजूला साठ हजार आणि पाठीवर त्याच्या अक्षरातल्या चार ओळी. गाडी पाठीमागच्या बाजूवर चालते आहे.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा. कंपनीचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, पण किती दिवस गाडी उभी राहिली ते मात्र लिहा.